मेंढपाळ, कोंडवाडा आणि कानातला बिल्ला

गाईच्या कानात पिवळा बिल्ला बसवायला अर्धे मिनिटही लागत नाही. एकाने म्होरकी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने कानातल्या ठळक शिरा चुकवून, मधोमध जागा बघून पक्कड दाबायची. गाय मान झटकते, दोनचार वेळा कान फडफडवते आणि पुन्हा वैरणीत तोंड घालते. तेवढ्या वेळात तिला बारा आकड्यांचा एक क्रमांक मिळालेला असतो आणि त्या क्रमांकाशी तिची जात, वय, लसीकरण व मालकाचे नाव सरकारी संगणकप्रणालीत जोडले जाते. जून २०२४ पासून महाराष्ट्रात असा बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येणार नाही, असा आदेश निघाला. नैसर्गिक आपत्तीत किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावले आणि त्याच्या कानात बिल्ला नसेल, तर भरपाई मिळणार नाही, हेही त्याच आदेशात होते.

हा बिल्ला जनावराची काळजी घेण्यासाठी आहे की त्याच्यावर आणि त्याच्या मालकावर नजर ठेवण्यासाठी? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मुळाशी गेले की तत्त्वज्ञान, इतिहास, कायदा आणि मानववंशशास्त्र या चारही शाखांची दारे ठोठवावी लागतात. माणूस, प्राणी आणि राज्यसत्ता या तिघांच्या नात्याचा अभ्यास करणारे जे विद्वान गेल्या दोन-तीन दशकांत पुढे आले आहेत, ते याच कारणाने कुठल्या एका शाखेत मावत नाहीत. त्यांचे लेखन बहुधा अवघड परिभाषेत असते आणि त्यामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही. याची मला खंत वाटते, कारण ज्यांच्या दारात जनावरे आहेत त्यांना हा विषय पुस्तकी विद्वानांपेक्षा लवकर कळेल अशी माझी खात्री आहे.

प्राण्यांविषयीचा नैतिक प्रश्न जुना आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये लिहिले होते की, प्राणी विचार करू शकतात का किंवा बोलू शकतात का हा खरा प्रश्न नसून त्यांना वेदना होतात का हा आहे. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये तोच धागा पुढे नेला. या परंपरेत प्रश्न व्यक्तीला विचारलेला असतो: तू प्राण्यांशी कसा वागतोस? नव्या अभ्यासकांचा प्रश्न वेगळा आहे. हा प्राणी पाळीव, हा वन्य, हा भटका, हा उपद्रवी, असे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि ते ठरल्यावर त्या प्राण्याचे काय होते, हे ते विचारतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने बिहारमधल्या काही जिल्ह्यांपुरती नीलगाय एक वर्षासाठी ‘उपद्रवी’ ठरवली. त्या जिल्ह्यांत तिला मारणे कायदेशीर झाले आणि बाहेर ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीतच राहिली. नीलगाय तीच होती आणि पिकाची नासाडी करण्याची तिची रीतही तीच होती. मधे फक्त जिल्ह्याची हद्द आली होती.

या साऱ्या अभ्यासाला सर्वांत मोठा आधार मिळाला तो फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांच्या एका कल्पनेचा. फेब्रुवारी १९७८ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी मेंढपाळाच्या सत्तेविषयी मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. राजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भूमी येते, तिच्या सीमा, किल्ले आणि महसूल येतो. प्राचीन ग्रीकांचे देव आणि राज्यकर्ते असेच जमिनीशी बांधलेले होते. पण इजिप्त, असिरिया आणि विशेषतः यहुदी परंपरेत राज्यकर्त्याचे आणखी एक चित्र होते, ते मेंढपाळाचे, आणि पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने ते युरोपभर रुजवले. मेंढपाळाची सत्ता जमिनीवर नसते, ती चालत्या कळपावर असते. तिचे उघड प्रयोजन कळपाचे भले करणे हेच असते: चारा शोधणे, पाणी दाखवणे, रात्री जागणे. आणि तिला संपूर्ण कळपाबरोबर त्यातले एकेक मेंढरू ठाऊक असावे लागते, इतके की एक हरवले तर बाकीची नव्याण्णव मागे ठेवून मेंढपाळ त्याच्या शोधात निघतो. ‘सगळ्यांचे आणि एकेकाचे’ या अर्थाचे लॅटिन शीर्षक फूको यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांना दिले होते. आधुनिक सरकार जनगणना करते, जन्ममृत्यूची नोंद ठेवते, लस टोचते, शाळेत हजेरी घेते. यात त्यांना त्याच मेंढपाळाचा वारसा दिसत होता.

मराठी वाचकाला हे समजायला फूको यांची फारशी गरज नाही, असे मला कधीकधी वाटते. आपल्या भाषेत मेंढपाळ, गोपाळ, राज्यपाल आणि पालकमंत्री हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. ज्या क्रियापदाने आपण गाय पाळतो, त्याच क्रियापदाने आपण नियम पाळतो आणि शब्दही पाळतो. ‘पाळत ठेवणे’ यातली पाळतसुद्धा त्याच घरातली आहे. सांभाळ करणे आणि नजर ठेवणे या दोन क्रिया भाषेने वेगळ्या केल्याच नाहीत. फूको यांना ज्यासाठी व्याख्यानमाला द्यावी लागली, ते मराठीने एका धातूत साठवून ठेवले आहे.

मात्र मेंढपाळाच्या या चित्रात एक गोष्ट निसटते, आणि आजच्या प्राणी-अभ्यासकांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले आहे. मेंढरू पाळले कशासाठी जाते? सुमारे २,४०० वर्षांपूर्वी प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये थ्रेसिमॅकस नावाच्या पात्राच्या तोंडी हा प्रश्न घातला आहे. राज्यकर्ता मेंढपाळासारखा प्रजेच्या हिताचे बघतो, या समजाला तो ठामपणे विरोध करतो. त्याचे म्हणणे असे, की मेंढपाळ मेंढ्यांना खाऊपिऊ घालून गुबगुबीत करतो ते मेंढ्यांच्या भल्यासाठी नव्हे, तर मालकाच्या आणि स्वतःच्या लाभासाठी. सॉक्रेटिस त्याला उत्तर देतो, पण ते उत्तर मेंढीला पटले असते का, असा प्रश्न माझ्या मनात राहतो. फूको यांनीही मेंढपाळाचे हात दाखवले, ते चारा घालणारे आणि जखम बांधणारे. त्याच हातात लोकर कातरण्याची कात्री असते आणि वेळ आली की सुरीही असते, हे त्यांच्या मांडणीत जवळजवळ येतच नाही. खरी मेंढी त्यांच्या लेखी रूपकापुरती राहिली.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठातले अभ्यासक दिनेश वाडिवेल यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात या उणिवेलाच हात घातला. प्राण्यांशी असलेल्या आपल्या नात्याचा पाया हिंसा हा आहे, आणि प्राणिकल्याणाचे कायदे त्या पायावर नंतर चढवलेले मजले आहेत, असे ते मांडतात. पिंजरा किती फूट रुंद असावा हा कल्याणाचा प्रश्न झाला. पिंजऱ्यात घालण्याचा हक्क कुठून आला हा सत्तेचा प्रश्न आहे, आणि पहिल्याची चर्चा जितकी वाढते तितका दुसरा नजरेआड होतो.

काळजी आणि संहार एकाच हातात कसे असतात, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत ठळक उदाहरण ब्रिटनमधले आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये तिथे जनावरांमध्ये लाळ्या-खुरकत पसरला. आपल्याकडे हा रोग शेतकऱ्याला चांगलाच परिचित आहे: तोंडात आणि खुरांत फोड येतात, दूध आटते, जनावर खंगते, पण मोठी जनावरे बहुधा वाचतात. ब्रिटनने मात्र लस टोचली नाही, कारण लस दिली की ‘लसीविना रोगमुक्त देश’ हा व्यापारातला दर्जा जातो आणि मांसाची निर्यात अडते. त्याऐवजी बाधित गोठ्यातली जनावरे तर मारलीच, शिवाय शेजारच्या शेतांवरची निरोगी जनावरेही मारण्याचे धोरण आखले. सैन्य बोलावले गेले आणि माळरानांवर चिता पेटल्या. काही महिन्यांत ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली आणि त्यात मेंढ्यांची संख्या सर्वाधिक होती. हे सारे राष्ट्राच्या पशुधनाचे रक्षण करण्यासाठी चालले होते आणि अधिकाऱ्यांच्या मनात त्याविषयी शंका नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. क्रौर्याची आवड म्हणून कोणी हे करत नव्हते.

त्याच काळात एप्रिल महिन्यात डेव्हन परगण्यातल्या एका शेतावर, मारून टाकलेल्या कळपात पाच दिवसांनंतर एक पांढरे वासरू जिवंत सापडले. त्याचे नाव ठेवले गेले फिनिक्स. नियमाप्रमाणे त्याला पुन्हा मारायला हवे होते. वृत्तपत्रांनी त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले, देश हळहळला आणि सरकारने धोरण सैल केल्याचे जाहीर केले, फिनिक्स वाचले. ‘सगळ्यांचे आणि एकेकाचे’ या सूत्राचा याहून लख्ख नमुना मला ठाऊक नाही. लाखो जनावरे आकडा म्हणून मेली, आणि ज्याला नाव व चेहरा मिळाला त्या एकाच्या बाजूला मेंढपाळ वळला. त्या वासराच्या सुटकेचा आनंद खरा होता. पण त्या आनंदाने उरलेल्या साठ लाखांचा प्रश्न विचारण्याची ताकद लोकांच्या हातून काढून घेतली, असे मला वाटते.

आता आपल्या देशाकडे वळतो, कारण इथे या विषयाला आणखी एक पदर आहे. मानववंशशास्त्रज्ञ आनंद पांडियन यांनी तामिळनाडूतल्या पिरमलई कळ्ळर समाजात राहून अभ्यास केला आणि २००८ मध्ये त्यावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रज सरकारने या समाजाला ‘गुन्हेगार जमात’ ठरवले होते. नोंदणीला विरोध केला म्हणून ३ एप्रिल १९२० रोजी पेरुंगामनल्लूर गावात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. पांडियन दाखवतात, की या लोकांवर राज्य करताना माणसाळवणे, आवरणे, वळण लावणे अशी जनावरांची भाषा आणि जनावरांना हाताळण्याचीच पद्धत वापरली गेली. शिवाय ही पद्धत केवळ विलायतेतून आलेली नव्हती. माणसाच्या अनावर मनाला गुराची उपमा देण्याची आणि राज्य करणे म्हणजे गुरे राखणे मानण्याची परंपरा स्थानिक शेतीजीवनातही होती. परकी सत्ता आणि देशी संस्कार तिथे एकमेकांत गुंतले. म्हणजे हे अभ्यासक प्राण्यांविषयी बोलतात तेव्हा ते माणसांपासून दूर जात नाहीत. माणसाला जनावर ठरवून त्याच्याशी जे केले जाते, ते नीट कळायचे असेल तर जनावराशी आधीच काय केले जाते हे पाहावे लागते.

कायद्याच्या पुस्तकात याचा एक पुरावा आहे, आणि तो वाचताना मी थबकलो होतो. १८७१ सालचा पहिला कायदा हा जनावरांच्या अतिक्रमणाचा, म्हणजेच आपल्या ओळखीच्या कोंडवाड्याचा कायदा आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात न्यायचे, मालकाकडून दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च घ्यायचा, सात दिवसांत कोणी आले नाही तर दवंडी पिटायची, त्यानंतर आणखी सात दिवस वाट पाहून लिलाव करायचा. दंडाचे दरपत्रकही होते: हत्तीला दोन रुपये, म्हशीला आठ आणे, गाईबैलाला चार आणे, मेंढीला एक आणा. त्याच १८७१ साली, ऑक्टोबर महिन्यात, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. यात जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांची नोंद करायची, त्यांना ठरल्या हद्दीत ठेवायचे आणि परवान्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचे नाही, अशी तरतूद होती. १९११ च्या सुधारित कायद्याने हीच व्यवस्था मुंबई इलाख्यात आली. सोलापूरला या जमातींची वसाहत वसली. तारेचे कुंपण आणि रोजची हजेरी तिथल्या माणसांच्या आयुष्याचा भाग झाली. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. कोंडवाडा मात्र गावोगाव टिकला.

एकाच वर्षात झालेले हे दोन कायदे एकमेकांतून निघाले असे मी म्हणत नाही. पण दोहोंमागची नजर एक आहे. जे ठरल्या जागी राहत नाही, दाव्याला बांधलेले नाही, ज्याचा मालक किंवा पत्ता विचारल्यावर सांगता येत नाही, ते सरकारला सहन होत नाही. मग ते चार पायांचे असो वा दोन पायांचे. भटक्या माणसांना आणि भटक्या जनावरांना आपण आजही एकच विशेषण लावतो.

आणि या सगळ्यात खरा मेंढपाळ कुठे आहे? फूको यांच्या रूपकात तो सत्ताधीश आहे. महाराष्ट्रातला धनगर मात्र सत्तेच्या खालच्या टोकाला उभा आहे. दिवाळीनंतर माणदेशातून, नगरच्या पठारावरून मेंढरांचे वाडे, म्हणजे कळपासह फिरणारे धनगरांचे तांडे, कोकणाकडे किंवा पाण्याच्या पट्ट्याकडे उतरतात. घोड्यावर संसार, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, आणि सोबत कुत्री. रात्री कोणाच्या तरी शेतात जाळीची वाघर लावून मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, पहाटे निघायचे. शंभर-दोनशे मेंढरांतून आजारी कोणती आणि कोणत्या कोकराची आई कोणती, हे त्याला अंधारात आवाजावरून कळते. एकेकाला ओळखणे म्हणतात ते हे. पण एकोणिसाव्या शतकात वनखाते आले, डोंगरउतार राखीव झाले, आणि चराई हा हक्क न राहता सवलत झाली. जोतीराव फुले यांनी १८८३ मधल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर नेमकी हीच तक्रार केली आहे, की डोंगर आणि कुरणे ताब्यात घेऊन या खात्याने गोरगरिबांच्या शेरडाकरडांना चरायला जागा ठेवली नाही. ज्याच्या प्रतिमेवरून राज्यकर्त्याने स्वतःची प्रतिमा घडवली, त्यालाच राज्याने आपल्या दारात परवाना मागत उभे केले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की हे अभ्यासक सरकारच्या प्रत्येक कामात कपट शोधतात. तसे करणारे काही आहेत, आणि मला ते पटत नाहीत. सरकारी काळजी खोटी नसते. बुळकांड्या या रोगाने एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे होत. त्याच्या आणि तशा रोगांच्या संशोधनासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली, पुढे ती मुक्तेश्वरला गेली आणि आज ती भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. साम्राज्याचा त्यामागचा हेतू बैल आणि घोडे शाबूत ठेवण्याचा होता यात शंका नाही. पण २०११ मध्ये बुळकांड्या साऱ्या जगातून संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्या हेतूपेक्षा फार मोठे काहीतरी साधले गेले होते. २०२२ मध्ये लम्पी आला आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून बातम्या येऊ लागल्या, तेव्हा सरकारने ब्रिटनसारखी सरसकट कत्तल केली नाही. बाजार आणि वाहतूक बंद केली, मोफत लस टोचली, आणि दगावलेल्या दुभत्या जनावराला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये भरपाई दिली. ज्याने गाठींनी भरलेल्या गाईच्या अंगावर रात्रभर कडुलिंबाचे पाणी लावले आहे, त्याला त्या लसीची किंमत सांगावी लागत नाही.

तरीही या दरपत्रकाकडे पुन्हा पाहायला हवे. भरपाई मालकाला आहे आणि ती दूध व कष्ट यांच्या हिशेबाने ठरली आहे. हत्तीला दोन रुपये आणि मेंढीला एक आणा, या जुन्या यादीशी तिचे नाते आहे. कायद्याच्या नजरेत जनावर ही मालमत्ता आहे, आणि मालमत्तेवर माया केली तरी तिचा दर्जा बदलत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी झाली, तेव्हा सत्तेने जीव घेण्याचा मालकाचा हक्क काढून घेतला. पण भाकड जनावराला पुढची दहा वर्षे कोण पोसणार, हा प्रश्न शेतकऱ्याच्याच दावणीला राहिला. मारायचे कोणी हे ठरवणे सत्तेला सोपे जाते. पोसायचे कोणी हे ठरवणे तिला तितकेसे जमत नाही.

यातून बाहेर पडण्याची एक वाट सू डोनाल्डसन आणि विल किमलिका या कॅनडातल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये सुचवली. पाळीव प्राणी पिढ्यानपिढ्या आपल्या समाजात राहिले, राबले, म्हणून त्यांना सहनागरिक माना; वन्य प्राण्यांना त्यांच्या भूमीवरचे सार्वभौम समाज माना; आणि कावळा, चिमणी, शहरातली खार यांना आपल्या शेजारी राहणाऱ्या, पण नागरिक नसलेल्या रहिवाशांचा दर्जा द्या. पहिल्यांदा ऐकताना हे अतिरेकी वाटते. मलाही वाटले होते. पण बैलपोळ्याला खांदेमळणी करून, शिंगे रंगवून, पुरणपोळी भरवताना आपण बैलाला घरचा माणूसच मानत असतो, आणि ते ढोंग नसते. फरक एवढाच, की पोळा वर्षातून एक दिवस असतो आणि नागरिकत्व म्हाताऱ्या बैलालाही लागू राहते. या मांडणीत दूध, मांस आणि शेणखतावर जगणाऱ्या कुटुंबाचे काय, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. धनगराच्या वाड्याला ती लागू करून पाहिल्याशिवाय ती भारतात पुरी होणार नाही, असे माझे मत आहे.

त्यामुळे या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आठवडी बाजारापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. फाटकावर बिल्ले तपासणाऱ्या माणसाशेजारी तासभर उभे राहावे. काटेरी तारेत कान अडकून ज्यांचा बिल्ला तुटला आहे अशी एकदोन जनावरे हमखास येतात. कानाला फाटलेली खाच असते, मालक ‘परवापर्यंत होता’ म्हणून सांगत असतो, आणि दोर सैल सोडला तर ती म्हैस त्याच्यामागे मुकाट चालू लागते. ती कोणाची आहे हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत असते. नोंदवहीत ते कसे लिहायचे, एवढाच खोळंबा असतो.